पाठमोऱ्या कॉलनीचे फोटोग्राफर

दुसऱ्यानं काढलेल्या फोटोवर आमच्या घरमालक काकांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात नसेल. ‘अख्ख्या जिल्ह्यात’ असं लिहिताना मी जरा बिचकते आहे, कारण मी जिल्हा तरी सगळा कुठं पाहिलाय? येरमाळ्याजवळचं आमचं गाव, बारावीपर्यंतचं कळंब आणि आता कॉलेजसाठी धाराशिव, एवढाच माझा जिल्हा. तरीही हे वाक्य मी खोडणार नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या कॉलनीत यावं, आपल्या पाकिटातला कुणाचाही फोटो काकांच्या हातात द्यावा, आणि मग घरी जायची शेवटची बस चुकली तर मला बोल लावू नये.

मी त्यांच्याकडं खोली बघायला गेले तेव्हा बरोबर अण्णा, म्हणजे माझे वडील होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळं घरमालक काय काय विचारील आणि आपण काय काय सांगायचं, याची अण्णांनी बसमध्येच चांगली तयारी केली होती. गाव कुठलं, पाहुणे कोण, मुलगी किती वाजता घरी येणार, सगळ्याची उत्तरं तोंडपाठ. काकांनी यातलं एकही विचारलं नाही. माझ्या हातातल्या कॉलेजच्या ओळखपत्रावर त्यांची नजर गेली. ते त्यांनी मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दारातल्या उजेडात जाऊन बराच वेळ बघत उभे राहिले. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ओळखपत्रात काहीतरी खोट निघाली.

“हा फोटो कुणी काढला?” काकांनी विचारलं.

“कळंबला. एसटी स्टँडसमोर,” अण्णा म्हणाले.

“ते झालं हो. पण कुणी?”

“हाय एक दुकानवाला. नाव न्हाय इचारलं.”

“ज्यानं तुमच्या लेकीचा इतका चांगला फोटो काढला, त्याचं नाव विचारलं नाही तुम्ही?” काका इतक्या दुःखानं म्हणाले, की बाजारात व्यापाऱ्यापुढंसुद्धा मान खाली न घालणारे आमचे अण्णा स्वतःच्या चपलेकडं बघायला लागले. मग काकांनी तो बोटाएवढा फोटो आम्हाला समजावून सांगितला. “बघा, डोळ्यांत भीती आहे, पण हनुवटीत नाही. फोटोवाले ओरडून हनुवटी वर करायला लावतात. ती लगेच ओळखू येते. ही तिची तिनं वर ठेवलीय. आणि ती वर होईपर्यंत तो दुकानवाला थांबलाय. थांबणं सोपं नसतं हो.” त्या फोटोत मी बावळट दिसते असं माझं तोवर ठाम मत होतं. त्या दिवशी बसमधून परत जाताना मी ओळखपत्र तीनदा पिशवीतून काढून बघितलं. खोली मला मिळाली होती. भाडं किती हे विचारायचं राहिलं, हे घरी पोचल्यावर अण्णांच्या लक्षात आलं.

काका मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. त्यांचे भाऊ अजून देवळातली पाळी सांभाळतात. काकांनी मात्र सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि धाराशिवच्या कडेला, जिथं शहर संपून ज्वारी सुरू होते तिथं, घर बांधलं. अलीकडं खरं तर ज्वारी संपून शहर सुरू होतं असं म्हणायला पाहिजे. आमची कॉलनी म्हणजे अर्धी घरं आणि अर्धे मोकळे प्लॉट. एका घराला चकचकीत फरशीच्या पायऱ्या, तर शेजारच्या प्लॉटवर बांधलेली म्हैस. छतांवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, पाण्याच्या काळ्या टाक्या, लांब डोंगरावर पवनचक्क्या. पाहुण्यांना दाखवावं असं इथं काही नाही, असं कॉलनीतल्या सगळ्यांचं मत. बघावं असं एवढं दुसरीकडं कुठंच नाही, असं काकांचं एकट्याचं. म्हणून रोज सकाळी अंघोळ, देवपूजा, आणि लगेच जुना कॅमेरा गळ्यात. पावसाची चिन्हं असली तर कॅमेऱ्यावर धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी. काकू म्हणतात, “बाकीच्या पुजाऱ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. आमच्या ह्यांच्या गळ्यात हे लोढणं.”

टँकर आला की कॉलनीतले लोक पाईप घेऊन धावतात आणि काका कॅमेरा घेऊन धावतात. टँकरमधून गळणाऱ्या धारेखाली कुणीतरी हळूच पाय धुऊन घेतं, कुणी पाईपावर उभं राहून दुसऱ्याचं पाणी अडवतं, हे सगळं ते टिपून आणतात, आणि घरातला ड्रम कोरडाच राहतो. मग काकू शांतपणे ड्रमचं झाकण काढून म्हणतात, “आता फोटोतलं पाणी ह्यात ओता.” मोकळ्या प्लॉटवर स्कूटी शिकणाऱ्या बायका, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांची राखण करणारे आजोबा, रस्त्यावर खडी पडली की तिच्यावर चढणारी शेळी, हे काकांचे आवडते विषय. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आमच्या भागातला जो तो आंबील, भज्जी आणि उंडे घेऊन शेतात जातो आणि अख्खी कॉलनी ओस पडते. त्या दिवशी काकांनाही कुणा ना कुणाच्या शेतात जेवायचं आवतण असतं. पण सकाळची वेळ ते सोडत नाहीत. रिकाम्या गल्लीतून एकटे फिरत दारादारांच्या कुलपांचे फोटो काढतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणी पाहिलं तर चोर समजून धरतील. नंतर ते फोटो बघितले. कुणाच्या कुलपाला घाईत अडकून राहिलेला हळदीकुंकवाचा दोरा होता, कुणाच्या दारात न दिसल्यामुळं मागं राहिलेली लहान मुलाची एक चप्पल. माणूस एकही नव्हता, तरी सगळी माणसं कळत होती.

आणि हीच काकांची गंमत. त्यांच्या फोटोत माणसाचा चेहरा नसतो. पाठ असते, हात असतात, उंबऱ्यावरची टाच असते. चेहरा म्हणून नाही. समोरच्या मावशी एकदा तक्रार घेऊन आल्या.

“ओ काका, माझा फोटू काढला म्हनं तुमी. काल दावलं तर नुसती पाठ! माझ्या पाठीला काय सोनं लागलंय का?”

“मावशी, तुम्ही वाकून रांगोळी काढत होता. पाठच दिसत होती.”

“मग हाक मारायची की! मी वळले नसते व्हय?”

“वळला असता,” काका पडलेल्या आवाजात म्हणाले, “म्हणूनच नाही मारली.”

त्याचं कारण मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, कुणी सरळ भिंगात बघितलं की आपण न विचारता त्याच्या घरात शिरलो असं वाटतं आणि हात कापायला लागतो. खरोखरच कापतो. मी पाहिलाय. आता, लोकांच्या घरात न विचारता शिरण्याची एवढी भीती असणारा हा माणूस प्रत्यक्षात कुणाच्याही घरात गेला की काय करतो? आधी भिंती बघतो. यजमान “या, बसा” म्हणत असतो, आणि काका खुर्चीवर चढून त्याच्या आजोबांची तसबीर खिळ्यावरून उतरवत असतात. मग ती उलटी करून मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का शोधायचा. शिक्का सापडला तर काकांना नातेवाईक भेटल्यासारखा आनंद होतो. नाही सापडला तर ते कुणाचं तरी श्राद्ध राहून गेल्यासारखे हळहळतात. सत्यनारायणाच्या पूजेला गेलेले काका प्रसादाच्या वेळी कुठं दिसले नाहीत म्हणून शोधलं, तर आतल्या खोलीत यजमानाच्या चार पिढ्या पलंगावर मांडून बसले होते.

एकदा मात्र काकांनी हद्दच केली. कॉलनीतले एक निवृत्त मास्तर वारले. आम्ही भेटायला गेलो. सगळे खाली बघत बसलेले. समोर हार घातलेला फोटो. काकूंनी काकांना वाटेतच बजावलं होतं, “तोंड उघडायचं नाही.”  काकांची नजर फोटोवर गेली, हटली, पुन्हा गेली, आणि शेवटी त्यांच्या तोंडून निघालंच, “वा! काय फोटो आहे!” काकूंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांचा मुलगा वर बघायला लागला. मला वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढणार. तर तो म्हणाला, “नळदुर्गाच्या किल्ल्यात काढलाय, काका. सहलीला. पोरं पाण्याकडं पळायला लागली म्हणून अप्पा ओरडत होते, आणि फोटो काढणारा त्यांचा शिक्षक मित्र म्हणाला, मास्तर, हसा की, आता पोरं बुडणारच हायत.” बोलता बोलता तो स्वतःच हसला. मग त्याची आई हसली आणि डोळे पुसायला लागली. “तरीच,” काका म्हणाले, “तरीच भुवया रागावलेल्या आणि ओठ हसायला लागलेले. त्या मित्रानं बरोब्बर मधलं पकडलंय.” आम्ही निघालो तेव्हा मास्तरांचा मुलगा फाटकापर्यंत सोडायला आला. घरी आल्यावर काकू तडक स्वयंपाकघरात गेल्या. पण चहात त्या दिवशी काकांना आवडतं तसं आलं जास्त होतं, एवढं मला कळलं.

काकांना फोटो लहान-मोठा, मानाचा-बिनमानाचा असा भेद नाही. चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांच्यापुढंही ते देवळात उभं राहावं तसे उभे राहतात. एकदा ज्याचा वाढदिवस होता तो गॉगलवाला तरुण नेता स्वतःच तिथं येऊन थांबला. एक वयस्कर माणूस आपल्या फ्लेक्ससमोरून हलत नाही म्हटल्यावर त्याची छाती फुगली.

“काय काका, वळखता वाटतं आमाला?”

“तुम्हाला नाही,” काका म्हणाले. “हा खालच्या ओळीतला बारका फोटो आहे ना, कोपऱ्यातल्या शुभेच्छुकाचा, तो कुणी काढलाय? तुमचा काही खास नाही. पण हा बघा, किती खरा माणूस आलाय!”

तरुण नेत्यानं गॉगल काढून पहिल्यांदाच आपल्या फ्लेक्सवरचा तो शुभेच्छुक नीट बघितला. “आपला गण्या हाय की,” तो म्हणाला, आणि खरंच जरा वेळ बघत राहिला.

असा हा माणूस. आता खरी गोष्ट सांगते, ती काकूंची. काकू नळदुर्ग रोडवरच्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. रोज एसटीनं जायच्या, एसटीनं यायच्या. या हिवाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या शाळेच्या ऑफिसात आजवरच्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत. टोपीवाले, कोटवाले, मिशीवाले. बाई एकही नाही. काकू पहिल्या. निरोपाच्या दिवशी त्यांचा फोटो त्या ओळीत लागणार, असं शाळेतल्या तरुण सरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा काका शेजारीच होते. ते फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, “फोटो मी काढणार!”

बोलून गेले, आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत. संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर एकटेच बसलेले. मला म्हणाले, “पोरी, एवढ्या वर्षांत हिचा एक धड फोटो नाही काढला मी. कणिक मळतानाचे हात आहेत, बसमध्ये चढतानाची पाठ आहे. चेहरा नाही. आता ही भिंतीवर जाणार, पोरं वर्षानुवर्षं बघणार. दुसरा कुणीही काढील, चांगलाच काढील. माझ्यापेक्षा चांगला काढील. पण ही मला दिसते तशी त्याला कशी दिसेल?”  मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काकू ‘ह्यांचा अभ्यास’ म्हणायच्या. सकाळी तुळशीपाशी, दुपारी खिडकीत, संध्याकाळी गच्चीवर. उजेड परतवायला पांढरी चादर धरून मी उभी. काकू म्हणायच्या, “मी काय पापड आहे का, घडीघडी उन्हात ठेवायला?” अडचण दोन्हीकडून होती. काकूंचा वरचा एक दात किंचित पुढं आहे. म्हणून फोटो म्हटला की त्या ओठ घट्ट मिटतात. वरून शाळेची सवय. कॅमेरा समोर आला की त्यांचा तपासणीला साहेब आल्यावरचा चेहरा व्हायचा. त्या चेहऱ्यासमोर मलासुद्धा पाढे म्हणावेसे वाटायचे. आणि काकूंनी तशा सरळ भिंगात बघितलं की इकडं काकांचा हात सुरू. फोटो एकतर हललेला, नाहीतर काकू हेडमास्तरीण. तिकडून तरुण सरांचा फोन येतच होता. “सर, फ्रेमवाला थांबलाय. नसंल जमत तर मॅडमचा आधार कार्डावरला मोठा करून घेऊ का?”

“आधारवरचा?” काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या मावशी दारात आल्या. “अहो सर, ज्यानं तो काढला त्याला मी नावं ठेवत नाही. त्या दिवशी त्याच्यापुढं सगळा गाव रांगेत होता. पण त्या फोटोत आमची बायको नाही हो, रांगेतली एक बाई आहे!”

निरोपाच्या आधीच्या रविवारी काकूंना तुळजापूरला दर्शनाला जायचं होतं. मीही गेले. दर्शन झालं, महाद्वारातून बाहेर आलो. तिथं यात्रेकरूंचे फोटो काढून लगेच हातात देणारे फोटोग्राफर उभे असतात. त्यातले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काकांचे शाळेपासूनचे मित्र निघाले.

“काय रे येड्या,” ते काकांना म्हणाले, “अजून लोकांच्या पाठीच काढतोस व्हय?”

काका हसले नाहीत. त्यांनी मित्राला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि म्हणाले, “मला फक्त उभं राहून बघू दे. तू चेहरा कसा काढतोस ते.”

“बघायचं काय त्यात? कॅमेऱ्याकडं बघा म्हटलं की माणूस पालथ्या घागरीसारखं होतंय. म्हणून मी म्हणतच न्हाई.” तेवढ्यात कपाळभर कुंकू लावलेलं एक शेतकरी जोडपं आलं. दोघंही ताठ उभे राहिले, श्वास रोखून. मित्रानं कॅमेरा उचलला आणि सहज विचारलं, “मावशी, आईला काय मागितलं?” म्हातारीनं नवऱ्याकडं एक तिरका डोळा टाकला, नवऱ्यानं कान टवकारले, आणि फोटो निघाला. काकांच्या तोंडून नेहमीसारखं “वा!” निघालं. त्यांना त्या क्षणी स्वतःचं संकट आठवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

“आता वहिनी, तुम्ही या,” मित्र म्हणाले. “मी काढतो. शाळेला फोटो तर पायजे.”

काकांनी मान हलवली आणि मित्राच्या शेजारी जाऊन उभे राहिले. सवयीनं त्यांनी स्वतःचाही कॅमेरा डोळ्याला लावला, तुळजापुरात आल्यावर हात जोडावेत तसा. काकूंनी पदर सारखा केला, ओठ मिटले. तपासणी सुरू झाली.

“वहिनी, काय मागितलं आईला?”

“मागायचं काय!” काकू म्हणाल्या. “ह्यांच्या हातून एकदाचा फोटो निघू दे म्हटलं. माझी सुटका तरी होईल. काल ह्यांच्या अभ्यासापायी माझी वांगी करपली!” असं म्हणून त्यांनी काकांकडं बघितलं. तिथं मित्राच्या काखेतून डोकं काढल्यासारखे, एक डोळा मिटून, काका उभे होते. ते बघून काकूंना हसू आलं. पुढच्या दातासकट आलं.

पांढऱ्या मिशांच्या मित्रानं जागच्या जागी फोटो छापून दिला. सुरेख होता. मागं देवळाचं शिखर, चेहऱ्यावर कोवळं ऊन, काकू बाजूला बघून हसतायत. काकांनी तो दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले त्यांचे. “काय काढलास रे! हाच लावायचा शाळेत. ह्याच्यापुढं माझं काही नाही.” आणि ते खरंच आनंदात होते, हेच मला कळेना. एवढे दिवस ज्यासाठी तळमळले ते हातचं गेलं होतं, आणि हा माणूस दुसऱ्याच्या फोटोतला उजेड मला बोटानं दाखवत होता. मीच चाचरत म्हटलं, “काका, तुमच्या कॅमेऱ्यातूनही आवाज आला होता.”

सगळे त्या छोट्या पडद्यावर वाकलो. फोटो जरा तिरका होता. उजव्या कडेला मित्राचं कोपर आलं होतं, निळ्या शर्टाच्या बाहीसकट. आणि मधोमध काकू, सरळ आमच्याकडं बघून हसणाऱ्या.  मग मित्र म्हणाले, “येड्या, माझ्या फोटोत वहिनी भलतीकडंच बघतायत. शाळेत लावला तर पोरं म्हणतील बाई खिडकीतनं बाहेर बघतायत. तुझ्यात बघ, समोर बघतायत.”

“पण तुझ्यातला उजेड...”

“उजेड घाल चुलीत.”

“तिरका आहे रे माझा.”

तेव्हा काकूंनी हात वर केला. वर्गात गोंगाट झाला की करत असतील तसा. “चेहरा माझा आहे आणि भिंत माझ्या शाळेची आहे. त्यामुळं तुम्ही दोघं गप्प बसा. हा लागेल.” आणि त्यांनी काकांच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.  मित्र म्हणाले, “बरं, मग तेवढं माझं कोपर कापून टाक. मोबाईलमधी बी कापता येतंय.” तेव्हा मात्र काका उसळले. “कापायचं नाही! तू विचारलं नसतंस तर ही हसली असती का? कोपर राहणार.”

आणि ते राहिलं. निरोपाच्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेले होते. भाषणं झाली, शाल-नारळ झालं, फोटो ओळीत लागला. ती सगळी ओळ मी पहिल्यांदाच बघत होते. बाकीचे मुख्याध्यापक कॅमेऱ्याकडं बघत होते. काकू कुणाकडं तरी बघत होत्या. तो फरक दारातून आत येणाऱ्याला लगेच जाणवत होता. मला इतका अभिमान वाटला की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पालकांना मी सांगून टाकलं, “हे आमचे घरमालक आहेत.” ते म्हणाले, “कोन, ह्या बाई?” मी म्हटलं, “नाही, म्हणजे, दोघंही.”

चौथीतली एक मुलगी फोटोखाली मान वर करून उभी होती. तिनं काकूंचा पदर ओढला.

“बाई, ह्यो हात कुनाचा हाय?”

“फोटोग्राफरचा,” काकू म्हणाल्या.

“मंग फोटू कुनी काढला?”

काकूंनी पलीकडं बोट दाखवलं. काका एका स्टुलावर चढून जुन्या टोपीवाल्या मुख्याध्यापकांची तसबीर भिंतीपासून हलकेच पुढं ओढून तिच्यामागं डोकावत होते. “त्यांनी.”

“मंग त्ये फोटोग्राफर न्हाईत व्हय?”

काकूंनी जरा विचार केला. “नाही,” त्या म्हणाल्या. “ते माझे मिस्टर आहेत.”

आता काकू शाळेत जात नाहीत. तरी सकाळी त्यांच्या एसटीची वेळ झाली की हात पुसत फाटकापाशी येतात. कॉलनीच्या वळणावरून लाल गाडी जाताना दिसते. काकाही तिथं येऊन उभे राहतात. कॅमेरा आत टेबलावर असतो.  मला परीक्षेचा अभ्यास असतो, पण तेवढा वेळ मी खिडकीशी थांबते. उन्हाळ्यात मला ही खोली सोडायची आहे. गाडी डांबरी रस्त्याला लागून दिसेनाशी होते, तरी दोघं आणखी थोडा वेळ तिथंच उभे असतात. मग काकू म्हणतात, “चला, चहा टाकते.”